हौसाचा चेहरा, माझे हात

२६ एप्रिल १९७४. घराच्या धाब्यावर ज्वारी वाळत घातली होती आणि मी काठी घेऊन चिमण्या हाकत बसले होते. संध्याकाळी राख चोळायची आणि कणगीत भरायची, एवढंच काम. दोन वर्षांनी कणगी भरणार होती, त्यामुळे उन्हात बसण्याची तक्रार नव्हती. पोस्टमन खालूनच म्हणाला, बाई, पुण्याचं कार्ड आहे, आणि दगडाखाली ठेवून गेला. कार्ड सबनीसांचं होतं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावात येऊन काढलेला सिनेमा पुरा झाला होता. नगरच्या एका थिएटरवाल्यानं रविवारी सकाळी दहाचा एक खेळ दिला होता. हौसाबाईंना घेऊन अवश्य यावे.

ऊन तेच होतं. वाराही तोच, तोंडात बारीक धूळ आणून टाकणारा. पण मागच्या वर्षी या दिवसांत हाकायला चिमण्या नव्हत्या. दाणाच नव्हता तर चिमण्या कशाला येतील.

मागच्या उन्हाळ्याचं मला पहिल्यांदा काय आठवतं, तर आवाज. जामखेडच्या रस्त्याला गावाबाहेर खडी फोडण्याचं दुष्काळी काम होतं. सकाळी सातपासून शेकडो हातोडे चालायचे. एका हातोडीचा आवाज काही मोठा नसतो, पण सगळ्या मिळून असा आवाज यायचा की जणू पत्र्यावर गारा पडतायत, आणि वर पाहावं तर आभाळ कोरडं ठणठणीत. दुपारी जेवायची सुट्टी झाली की एकदम कानात पोकळी व्हायची. बायका बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायच्या. घरून आणलेली रेशनच्या मिलोची लाल भाकरी दोन्ही हातांत धरूनच खावी लागे, नाहीतर तिचा भुगा व्हायचा. शाळा लवकर सोडून आम्हा शिक्षकांना कामावर नेमलं होतं. माझ्याकडे मजुरांच्या खाण्याची सुखडी वाटण्याचं काम. गुळाचा आणि तेलाचा तो वास माझ्या लुगड्यांना इतका बसला होता की मुलं माझ्यामागे जरा जास्तच फिरायची.

तिथं सबनीस आले. नऊ माणसं, एक जीप, एक टेम्पो आणि एकच कॅमेरा. शाळेच्या किल्ल्या माझ्याकडे, म्हणून उतरायला ते शाळेतच. सबनीस तिशीचे असतील. किडकिडीत, जाड चष्मा, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघायची सवय. दुष्काळी कामावरच्या एका बाईची गोष्ट त्यांना करायची होती. नवरा पोटामागे दूर गेलेला, ती इथं दगड फोडत वाट बघते, एवढीच गोष्ट. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी त्यांना विचारलं, हिरो कोण? नाही म्हणाले. गाणी? नाहीत. मारामारी तरी? तीही नाही. त्यावर आमचे सरपंच म्हणाले, "मग त्याला तिकीट कशाला? हितं बसून आमी रोज फुकट बघतोय की." सबनीस हसले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मुख्य कामासाठी मुंबईची एक नटी आणली होती. वागायला भली मुलगी, पण चौथ्या दिवशी तिला ऊन लागलं. ओकाऱ्या थांबेनात, तेव्हा मीच तिला पन्हं पाजून एस.टी.त बसवून दिली. मग सबनीस दोन दिवस नुसते खडीवर बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, ती कडेच्या ढिगावर बसते ती हवी. मी विचारलं, का? म्हणाले, ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. मी म्हटलं, ती कुणाकडेच बघत नाही.

ती हौसा. पंचविशीची, सावळी, हाडापेराने मजबूत. आमच्या भागातून ऊस तोडायला माणसं जातात ती जोडीनं जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. आदल्या दसऱ्याला हौसा पोट पडून अंथरुणावर होती, म्हणून नवरा एकटाच टोळीबरोबर श्रीरामपूरच्या बाजूला गेला. चैत्रात टोळी परत आली, तो आला नाही. टोळीतले म्हणाले, संक्रांतीच्या सुमाराला न सांगता कुठंतरी गेला. एक म्हणाला त्याला गाडीखाली सापडलेला पाहिला, दुसरा म्हणाला तो कारखान्याच्या दारात चहा पीत होता. मी तेव्हाच म्हटलं होतं की मुकादमाला नाहीतर कारखान्याला एक कार्ड टाकू. हौसाची सासू कोंडाबाई आडवी आली. शोधायला गेलं की मढंच सापडतं, असं तिचं म्हणणं. न विचारता तो जिवंत होता. मीही जोर केला नाही. ज्याचं त्यानं बघावं, असा माझा स्वभाव.

सिनेमाचं काम हौसानं खडीच्या कामासारखंच केलं. सबनीस म्हणायचे, रडायचं नाही हं. ती म्हणायची, रडतंय कोन. एकदा त्यांनी सांगितलं, आता तुम्ही वाट बघताय. तिनं विचारलं, "कशी बघायची?" ते म्हणाले, तुम्ही बघता तशी. तिनं हातोडी उचलली आणि समोरचा दगड फोडायला लागली. सबनीस त्यावर इतके खूश झाले की दिवसभर तेच बोलत होते. हौसाला त्यातलं काही कळलं नाही. रोज खडीच्या दुप्पट मिळत होता आणि कोंडाबाई त्यामुळे गप्प होती.

गप्प होती ती त्या मंगळवारपर्यंत. गोष्टीत शेवटी नवरा गेल्याचा निरोप येतो आणि बाई खडीच्या ढिगावर, हातातल्या हातोडीनं, बांगड्या फोडते. त्यासाठी हिरव्या बांगड्या हव्या होत्या. आठवड्याला कासार कामावर यायचा, सबनीसांच्या हाताखालच्या मुलीनं त्याला सगळ्यांदेखत सांगून टाकलं की दोन डझन द्या, फोडायच्या आहेत.

आमच्याकडे बांगडी चुकून पिचली तरी बाई "वाढली" म्हणते. कासार बांगडी भरतो तेव्हा बाई त्याला वाकून नमस्कार करते. त्या कासारानं बायकांच्या हातांकडे पाहिलं, दोरीतल्या बांगड्या कापडात गुंडाळल्या आणि रस्त्याला लागला. मग एकेक हातोडी थांबत गेली. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीआधीच कानात पोकळी झाली.

कोंडाबाई सबनीसांसमोर येऊन उभी राहिली. कंबरेतून वाकलेली, पण आवाज खणखणीत.

"साहेब, तुमची आई हाय का?"

"आहे."

"बाप?"

"आहेत ना."

"मग तिच्या हातातल्या घिऊन या. आपन समदी मिळून फोडू."

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. कोंडाबाई हौसाकडे वळली. "माझा ल्योक जित्ता हाय. हात लावलास तर माझ्या उंबऱ्यात पाय ठिवायचा न्हाई. तुज्या सिनिमात ऱ्हा."

ही नुसती धमकी नव्हती. हौसाचे आईबाप नव्हते आणि भावाच्या घराला दुष्काळापासून कुलूप होतं. जगात तिला एकच उंबरा होता. दुसरीकडे सबनीस म्हणाले, बळजबरी मी करणार नाही, पण हे नसेल तर माझ्या गोष्टीला शेवट नाही, मी सामान आवरतो. संध्याकाळी शाळेच्या पायरीवर ते डोकं धरून बसले होते.

मला माणसं डोकं धरून बसलेली आवडत नाहीत. नटी गेली तेव्हा तिच्या चालण्याचे तुकडे आधीच घेतलेले होते, ते हौसाच्या चेहऱ्याला जोडता येतील असं हे लोक बोलत असलेले मी ऐकलं होतं. म्हणजे सिनेमात माणूस सबंध लागत नाही. मी विचारलं, "चेहरा तिचा आणि हात दुसऱ्या कुणाचे, असं चालेल?"

"चालेल. पण हात देणार कोण?"

"माझे घ्या."

यात शौर्य वगैरे काही नव्हतं. मी तेविसाव्या वर्षी विधवा झाले. विषमज्वर, अकरावा दिवस. माझ्या जावेनं पाट्यावर माझा हात धरून जे करायचं ते केलं. त्यातलं मला दुःखापेक्षा मनगटाचं हाड दुखल्याचं जास्त आठवतं. त्यानंतर मी ट्रेनिंग कॉलेजात गेले, नोकरीला लागले, एकवीस वर्षं हात मोकळे आहेत. छप्पर गळतंय आणि आपल्याकडे जास्तीचा पत्रा आहे, तर द्यावा, इतक्या साधेपणानं मी ते बोलले.

सबनीसांनी माझे हात उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, हे हात खडूचे आहेत, दगडाचे नाहीत. तेव्हा दुसऱ्या दिवसापासून मी खडीवर बसले. सुखडी दुसऱ्या गुरुजींनी वाटली.

बायकांना तेवढंच हसू आलं. मी दगडावर हातोडी मारायची आणि ती उसळून परत यायची. शेजारची म्हणाली, "बाई, दगडाची शीर बगा. तिथं हाना. आमच्या पोरींला बाराखडी शिकवताय न्हवं, आता आमची घ्या." दगडाला शीर असते हे मला चव्वेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. शीर सापडली तर दगड तीन घावांत उकलतो, नाही सापडली तर दुपार जाते. सुखडी वाटताना कुणाचा ढीग लहान दिसला की मी मनात म्हणायची, ही कामचुकार दिसते. दोन दिवसांत माझा ढीग एका टोपल्याचा झाला आणि दोन्ही तळहातांना फोड आले. त्याआधी मी जे काही मनात म्हटलं होतं त्याची मला लाज वाटली. पण बोलून दाखवली नाही, कारण त्यानं कुणाचा ढीग वाढणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसा माझ्या शेजारी बसली होती. दगडाकडे बघतच ती म्हणाली, "बाई, मला त्या वाढवायचं भ्या न्हाई वाटत. वाढवून बरं वाटलं तर, त्याचं भ्या वाटतं."

मी हातोडी थांबवली नाही. म्हटलं, "नसतं काहीतरी मनात आणू नकोस. तुझं काम मी करतेय ना, तू गप्प बस." तिनं पुढचा दगड ओढला.

बांगड्या जामखेडच्या बाजारातून, या खेपेला काही न सांगता, आणल्या होत्या. मापं हौसाच्या हाताची. माझ्या एकटीनं त्या चढेनात. विधवेच्या हातात बांगडी सरकवायला सवाष्ण बायका पुढं येईनात, आणि मी तरी त्यांना कसं म्हणणार. तेवढ्यात कोंडाबाई साबणाची वडी आणि तांब्या घेऊन आली. तीही माझ्यासारखीच मोकळ्या हातांची. शाळेच्या ओट्यावर समोरासमोर बसलो. तिनं माझा पंजा दोन्ही हातांनी दाबून असा काही मऊ केला की मला पहिलीतल्या पोरीसारखं वाटलं.

"ढिला सोडा की हात. चिचा फोडताय का?"

"दुखतंय."

"सवय मोडली न्हवं." एक बांगडी चढली. मग दुसरी. "किती सालं झाली?"

"एकवीस."

"मला तीस झाली." बारावी बांगडी चढवल्यावर म्हणाली, "तुमचं जायाचं ते गेलंय बाई, म्हून तुमाला करू देते. राग मानू नगा."

राग कसला. हिशेब अगदी बरोबर होता.

ऐन दुपारी काम झालं. पहिल्या खेपेला मी हातोडी मारली तर सबनीस म्हणाले, बाई, तुम्ही अंडं फोडल्यासारखं करताय. उरलेल्या बांगड्या चढवल्या आणि दुसऱ्या खेपेला मी नीट मारली. काचा उडाल्या, मनगटाला एक लागली, थोडं रक्त आलं. मला जावेची आठवण झाली नाही, नवऱ्याची झाली नाही. फक्त इतकं वाटलं की या वेळी हातोडी माझ्या हातात आहे. मग मी हात धुवून टाकले. कोंडाबाईनं वाकून काचेचा तुकडा न् तुकडा पदरात वेचला, कुणा सवाशिणीच्या पायाखाली येऊ नये म्हणून. हौसा कामावरच्या शेडच्या सावलीत बसून बघत होती, हातात बांगड्या तशाच. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका कामावर, सबनीस खूश, कोंडाबाईचा उंबरा शाबूत. कुणाचंही नुकसान न होता गाठ सुटली, असं मला वाटलं. वर्षभर वाटत होतं.

कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी हौसाला घेऊन नगरला गेले. कोंडाबाईनं बाई बरोबर आहेत म्हणून सोडलं. वर्षभरात तिच्या मुलाची काही खबर नव्हती. पाऊस झाला, खडीचं काम संपलं, शेतं पिकली, ज्वारी कापली. हौसा दुसऱ्यांच्या रानात काढणीला जायची आणि संध्याकाळी त्याच उंबऱ्यात परतायची. आम्ही माझ्या बहिणीकडे उतरलो आणि रविवारी दहाला थिएटरात गेलो. कॉलेजची पोरं, काही मास्तर लोक, पंखे वरच्यावर किरकिरणारे. हौसा खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन बसली.

भिंतीएवढा तिचा चेहरा दिसला तेव्हा तिनं पदर तोंडात धरला. पुढं मग एकदाही हलली नाही. मला वाटलं होतं, रोजचं बघून कंटाळा येईल, सरपंच म्हणाले तसं. पण ते रोजचं नव्हतं. खडी फोडताना मी कधी एका बाईकडे पाच मिनिटं सलग बघितलं नव्हतं. कुणीच बघत नाही. आमच्या गावच्या दगडावर पडलेलं ऊन सिनेमात पांढरं दिसत होतं, आणि त्यात एक बाई काहीही न करता वाट बघत होती आणि आम्हाला उठवत नव्हतं.

मग माझे हात आले. अंगठ्याला तव्याचा जुना डाग आहे, त्यावरून मी ओळखले. पाच सेकंद असतील. दोन दिवसांची खडी, दोन डझन बांगड्या, आणि पाच सेकंद. हातांनंतर पुन्हा हौसाचा चेहरा. हे मला माहीत नव्हतं. माझं काम झाल्यावर मी हात धुवायला गेले तेव्हा सबनीसांनी कॅमेरा शेडकडे वळवला असणार. त्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. टँकरच्या रांगेत उन्हात उभं राहून आपला नंबर यावा आणि दुसरीनंच आपला हंडा पुढं सरकवावा, तसा तो चेहरा होता.

खेळ संपल्यावर एक प्राध्यापक हौसाजवळ आले. म्हणाले, तुमच्या हातांत एवढं दुःख कुठून आणलंत? हौसा म्हणाली, "हात माझे न्हाईत. बाईंचे हायेत." ते हसले. त्यांना वाटलं ही विनयानं बोलतेय.

बाहेर रसवंतीवर बसलो. चरकाला घुंगरं बांधलेली, ऊस आत जाताना वाजत होती. पेला हातात धरून हौसा म्हणाली, "त्ये माझं काम हुतं, बाई."

मी समजावायला लागले. सासू, उंबरा, भावाचं कुलूप. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"व्हय. उंबरा ऱ्हायला," ती म्हणाली. "पन म्या कुटं ऱ्हायले? हिकडं न्हाई, तिकडं न्हाई."

मी दोन पेल्यांचे पैसे दिले. संध्याकाळी बहिणीकडे मी मेथी निवडत बसले आणि बहीण दोनदा म्हणाली की काड्या भाजीत टाकतेयस. माझं जे व्हायचं ते एका सकाळी, दहाच्या आत, संपलं होतं. घरात मढं होतं, रडायला माणसं होती, तिथीवार ठरलेला होता. संपलं म्हणूनच पुढचं सुरू झालं, कॉलेज, नोकरी, स्वतःची कणगी. हौसाचं काही संपलंच नव्हतं. निदान त्या दुपारी खोटंखोटं संपवून, त्यानंतर आपल्याला काय वाटतं ते तिला बघता आलं असतं. बरं वाटलं असतं की वाईट, ते तिचं तिला कळलं असतं. ती तेच मला सांगत होती आणि मी हातोडी थांबवली नव्हती. कोंडाबाई पोराला जिवंत ठेवण्यासाठी विचारत नव्हती, ते एक वेळ समजतं. ती आई आहे. पण मला काय झालं होतं? एका कार्डापुरती मी आग्रही झाले नाही, आणि बांगड्या भरायला मात्र पुढं झाले.

सोमवारी सकाळी आम्ही स्टँडवर गेलो. जामखेडची गाडी लागली होती. हौसा पिशवी घेऊन चढायला निघाली, तिला मी थांबवलं आणि विचारलं, कारखाना कुठला, ठाऊक आहे? तिनं एका दमात कारखान्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मुकादमाचं नाव, त्याची वाडी, उतरून कुठल्या बाजूला चालायचं तेही. वर्षभर हे सगळं तिच्याजवळ होतं, मी फक्त विचारलं नव्हतं.

जामखेडच्या कंडक्टरला मी निरोप दिला की आमच्या गावात कोंडाबाईला सांगा, सून एक दिवस उशिरा येईल, बाईंनी नेलंय. मग श्रीरामपूरच्या गाडीत बसलो. खिडकीशी हौसा. गाडी स्टँडबाहेर पडल्यावर ती म्हणाली, "बाई, तितं गेल्यावर म्याच इचारीन. तुमी बोलू नगा."

मी बरं म्हटलं आणि दोन तिकिटं काढली.